मलांग परिसरातली जुनी मंदिरं (पूर्व जावा): तीन दिवसांत कशी बसवावीत?

पायवाट
बोरोबुदुर आणि प्रंबाननबद्दल ढिगाने माहिती मिळते. पूर्व जावातल्या सिंहसारी आणि मजपहित या जुन्या राज्यांच्या काळातल्या मंदिरांबद्दल मात्र तुटक तुटकच सापडते, म्हणून इथे विचारते आहे. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात सकाळी सुराबायाच्या विमानतळावर उतरणार. तो दिवस धरून तीन दिवस हातात आहेत, चौथ्या दिवशी सकाळी परत. मुक्काम मलांगला करायचा विचार आहे. यादी अशी: बादुत, सिंगोसारी, सुंबरावान, जागो, किदल, पनतरन.

सोबत आई आहे, वय ७०. सपाटीवर तासभर आरामात चालते, पण उंच पायऱ्या जमत नाहीत. तिला चढता आलं नाही तर खालून काय दिसेल? क्रम कसा लावावा? सार्वजनिक वाहनांवर भागेल की गाडीच करावी? आणि तिथे पोहोचल्यावर नेमकं काय बघायचं? फलकांवर काहीच लिहिलेलं नसतं असं ऐकलं आहे.

वाटाड्या
यादी चांगली आहे आणि तीन दिवसांत बसते. फक्त मलांग मध्यभागी धरून रोज गावात परत येत राहिलात तर अर्धा वेळ रस्त्यात जाईल.

सुराबायाहून मलांगकडे येणाऱ्या टोल रस्त्याला सिंगोसारीला एक्झिट आहे. विमानतळावरून गाडी केलीत तर सामानासकट थेट सिंगोसारी मंदिरावर उतरा आणि ते उरकूनच मलांगला जा. मुक्कामी पोहोचून मग उलट दहा-बारा किलोमीटर उत्तरेला येण्यात अर्थ नाही. मंदिर मुख्य रस्त्यापासून थोडं आत, पश्चिमेला आहे. तिथून चालण्याच्या अंतरावर दोन द्वारपाल आहेत, प्रत्येकी साधारण ३.७ मीटर उंच आणि अखंड दगडातले. घाईतले लोक मंदिर बघून निघून जातात आणि यांना चुकतात, तसं करू नका. चालकाला आधीच ‘आर्चा द्वारपाला’ असं सांगून ठेवा.

सुंबरावान तिथून सहाएक किलोमीटरवर, अर्जुनो पर्वताच्या पायथ्याशी. गाडी शेवटपर्यंत जात नाही. उरलेली वाट सपाट पण अरुंद आहे. आईंना जमेल, पण आदल्या दिवशी पाऊस झाला असेल तर काठी हवी. हे मंदिर नसून स्तूप आहे, वरचा भाग नाहीसा झालेला आणि चढायला पायऱ्याच नाहीत. म्हणजे आईंना आणि तुम्हाला अगदी सारखंच दिसेल! शेजारच्या झऱ्याचं पाणी भरायला गावातले लोक येतात.

दुसरा दिवस तुंपांग गावाच्या बाजूला. किदल आधी, जागो नंतर. दोन्हींमध्ये सातेक किलोमीटरचं अंतर आहे. किदल सकाळी का, ते खाली कोणीतरी शिल्पांबद्दल लिहील तेव्हा कळेलच. दुपारी मलांगला परतताना शहरातलं म्पु पुर्वा संग्रहालय आणि संध्याकाळी बादुत. बादुत शहराच्या पश्चिम कडेला आहे, त्याला अर्धा तास पुरे.

तिसरा दिवस पूर्ण पनतरनचा. त्याच्याजवळचं ब्लितार शहर मलांगपासून रस्त्याने ७५-८० किलोमीटर आहे, पण वळणावळणाचा रस्ता आणि ट्रकांमुळे दोन ते अडीच तास धरा. मंदिर ब्लितारच्या ईशान्येला आणखी बाराएक किलोमीटरवर. ‘जाता जाता आणखी एखादं’ हा मोह त्या दिवशी टाळा.

मलांग-सुराबाया रस्ता रविवारी संध्याकाळी तुंबतो. सुट्टी संपवून बातू या थंड हवेच्या गावाहून परतणारी सगळी गर्दी त्याच वाटेवर असते. परतीचं विमान सोमवारी असेल तर पहाटेच निघा.

रूळफेरी
वाहनांबद्दल थोडी भर.

पनतरनला जायला रेल्वे हा चांगला पर्याय आहे. सुराबाया-मलांग-ब्लितार अशी लोकल गाडी धावते आणि तिचं नावही पेनातारान, म्हणजे पनतरनच. नावावरून ती मंदिरापर्यंत जाते असं समजू नका. ती ब्लितार स्थानकावर सोडते, पुढे ग्रॅब किंवा गोजेक या ॲपवरची टॅक्सी. भाडं अगदीच किरकोळ आहे. मात्र तिकिटं ठरलेल्या संख्येचीच विकतात. शनिवार-रविवारी आयत्या वेळी गेलात तर हात हलवत परत यावं लागतं. रेल्वेच्या ‘ॲक्सेस बाय केएआय’ या ॲपवर आधी काढून ठेवा. ओळखपत्राच्या रकान्यात पासपोर्ट क्रमांक टाका आणि नाव पासपोर्टवर आहे तसंच लिहा. फलाटावर सोडताना दोन्ही ताडून बघतात. चुकलं तर तिथेच अडता.

आंगकोट, म्हणजे छोट्या व्हॅन, स्वस्त पडतात. अर्जोसारी बसस्थानकावरून हिरव्या व्हॅन लावांगकडे जातात, त्या सिंगोसारीला सोडतात. तुंपांगकडे पांढऱ्या. अडचण अशी की गाडी भरल्याशिवाय हलत नाही आणि दुपारनंतर फेऱ्या कमी होतात. किदलला तर तुंपांगहून मोटरसायकलवाला गाठावा लागतो. सत्तरीच्या बाईंना घेऊन हे करू नका.

ॲपवरच्या टॅक्सीचा एक धोका लक्षात ठेवा. मलांग शहरात दोन मिनिटांत गाडी येते आणि ती किदलपर्यंत नेईलही. पण तिथून परतीची गाडी कोणी स्वीकारत नाही, कारण आसपास गाड्याच नसतात. म्हणून दुसऱ्या दिवसासाठी चालकासह दिवसभराची गाडी घ्या. भाव ठरवताना पेट्रोल, पार्किंग, टोल आणि चालकाचं जेवण धरलं आहे का हे सुटं सुटं विचारा. ‘सगळं धरून’ या उत्तरात यातलं एखादं हमखास सुटलेलं असतं.

आणि हो, ॲपमध्ये नुसतं ‘चंडी’ (तिथे जुन्या मंदिराला हाच शब्द आहे) टाकून शोधू नका. सुराबायाच्या दक्षिणेला सिदोआर्जोत चंडी नावाचा तालुकाच आहे. नाव पूर्ण टाका आणि नकाशावरचा ठिपका मलांगच्या आसपास आहे ना ते बघा.

शिल्पवेडी
आता मुख्य विषय. फलक असतात, पण मोजके आणि बहुतेक इंडोनेशियन भाषेत. आपल्या लोकांना त्याची फारशी गरज पडू नये, कारण निम्म्या कथा घरच्याच आहेत. अडतं ते वाचायची दिशा आणि पात्रं ओळखणं इथे.

किदल. सिंहसारीचा राजा अनुषपति याच्या स्मरणार्थ बांधलेलं. तो १२४८ मध्ये वारला. दार पश्चिमेला. जोत्यावर तीन बाजूंना गरुड आहे. क्रम दक्षिण, पूर्व, उत्तर असा, म्हणजे मंदिर डाव्या हाताला ठेवून चालायचं. प्रदक्षिणेच्या बरोबर उलट, त्याला तिथे ‘प्रसव्य’ म्हणतात. सवयीने मंदिर उजव्या हाताला ठेवून निघालात तर गोष्ट शेवटाकडून सुरू होते आणि काहीच लागत नाही. दक्षिणेला गरुड नाग वाहतो आहे, कद्रूच्या पोरांची चाकरी. पूर्वेला डोक्यावर अमृताचा कुंभ. उत्तरेला त्याने आई विनतेला उचलून धरलं आहे, दास्य संपलं. तिन्हींत मागचा, कुंभाचा पट सगळ्यात चांगला टिकला आहे. त्यावर सकाळचं ऊन तिरपं पडतं, म्हणून किदल सकाळी. तिन्ही पट खालूनच दिसतात, आईंनी एकही पायरी चढायची गरज नाही. वर दारावरचं कीर्तिमुख बघा, जावात त्याला ‘काला’ म्हणतात. मध्य जावात त्याला बहुधा खालचा जबडा नसतो. इथे जबडा, सुळे आणि दोन्ही बाजूंना उगारलेले पंजे आहेत.

जागो. तुंपांग गावात, घरांच्या मधोमध. ब्रोमो ज्वालामुखीला जाणाऱ्या जीपा याच गावातून सुटतात, पण त्यातले फार थोडे प्रवासी इथे थांबतात. १२६८ मध्ये वारलेल्या विष्णुवर्धन राजाचं हे स्मारक. एकावर एक तीन मजले, मागे सरकत गेलेले, वरचं छप्पर नाही. ते लाकूड आणि ‘इजुक’चं, म्हणजे ताडासारख्या एका झाडाच्या काळ्या तंतूंचं, असावं असं अभ्यासक मानतात. पायऱ्या उंच आणि अरुंद, आईंनी खालीच थांबावं. पण खालच्या पट्ट्यात त्यांना पुरेल इतकं आहे: तंत्री म्हणजे पंचतंत्रातल्या गोष्टी (काठी तोंडात धरून उडणारं कासव आणि दोन हंस शोधा, वायव्य कोपऱ्याकडे) आणि कुंजरकर्ण या यक्षाची बौद्ध कथा. वर चढणाऱ्याला पार्थयज्ञ, मग अर्जुनविवाह या अर्जुनाच्या कथा आणि सगळ्यात वर, गाभाऱ्याच्या भिंतीवर, कालयवन. कृष्ण पळतोय आणि झोपलेल्या मुचुकुंदाला लाथ बसते, ती कथा. खाली बौद्ध, वर कृष्ण, अंगणात आठ हातांचा, डोकं नसलेला अमोघपाश (बोधिसत्त्व अवलोकितेश्वराचं एक रूप), आणि कोणालाच त्यात वावगं वाटत नव्हतं. आकृत्या चपट्या, खांदे समोर आणि चेहरा बाजूने, अगदी वायांगच्या, म्हणजे जावातल्या सावल्यांच्या खेळाच्या, चामड्याच्या बाहुल्यांसारख्या. अर्जुनासारखे कुलीन नायक डोक्यावर मागे वळवलेल्या केसांच्या आकड्यावरून ओळखायचे, राक्षस वटारलेल्या डोळ्यांवरून. नायकाच्या मागे बुटके, ढेरपोटे सेवक दिसले की ते हमखास विदूषक.

सिंगोसारी. शेवटचा राजा कृतनगर १२९२ मध्ये मारला गेला, त्याच्याशी जोडलेलं मंदिर. कारागीर कसं काम करत हे जावात इतकं उघड क्वचितच दिसतं, कारण कोरीव काम अर्धवट राहिलं आहे. वरच्या काला-मुखांवर केस, भुवया, नक्षी सगळं पूर्ण. खालच्या दारांवरच्या मुखांचे डोळे म्हणजे नुसते तासलेले गोळे, गाल गुळगुळीत. म्हणजे घडाई वरून खाली येत होती, मचाण उतरवत उतरवत. आणखी एक वेगळेपण: गाभारा नेहमीच्या जागी वर नसून उंच जोत्यातच आहे.

जावातल्या शिवमंदिरांत ठरलेली मांडणी असते. दार पश्चिमेला असेल तर दक्षिणेला अगस्त्य, मागे पूर्वेला गणेश, उत्तरेला दुर्गा. सिंगोसारीत फक्त अगस्त्य उरला आहे. बाकीच्या मूर्ती डच अधिकाऱ्याने एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला हलवल्या आणि पुढे त्या नेदरलँड्समधल्या लायडनला पोहोचल्या. त्यातल्या दुर्गा, महाकाल, नंदीश्वर या मूर्ती नेदरलँड्सने २०२३ मध्ये इंडोनेशियाला परत केल्या, पण त्या जकार्ताच्या राष्ट्रीय संग्रहालयात गेल्या. ‘मूर्ती परत आल्या’ ही बातमी वाचून सिंगोसारीला शोधू नका.

बादुत छोटं आहे म्हणून वगळू नका. दिनोयो शिलालेख, शके ६८२ म्हणजे इ.स. ७६०, सहसा याच मंदिराशी जोडतात. गजयान राजाने अगस्त्याची जुनी चंदनाची मूर्ती काढून दगडाची बसवली असं त्यात आहे. आत शाळुंका आणि लिंग, उत्तरेच्या कोनाड्यात महिषासुरमर्दिनी. सिंगोसारीत जी जागा रिकामी दिसते ती इथे भरलेली सापडते, म्हणून दोन्ही बघायचीच. जुनं म्हणून बादुत आधी बघावं असा आग्रह मला पटत नाही. रिकामे कोनाडे आधी बघितले तर भरलेला कोनाडा जास्त कळतो.

पनतरनबद्दल वेगळं लिहिते, ते मोठं आहे.

शिल्पवेडी
पनतरन: पूर्व जावातला सगळ्यात मोठा मंदिरसमूह. सर्वात जुना लेख इ.स. ११९७ चा, आणि बांधकाम पंधराव्या शतकापर्यंत चालू होतं. जागोजागी शके कोरलेले आहेत, त्यात ७८ मिळवा. प्रवेश पश्चिमेकडून, मुख्य मंदिर सगळ्यात मागे. लोक सरळ मागे चालत सुटतात. तसं न करता आधी दाराजवळचा लांबट चौथरा बघा, शके १२९७. आईंच्या नजरेच्या उंचीवर सत्यवान आणि श्री तांजुंग (जावातल्या एका जुन्या कथेची नायिका) यांच्या कथांचे पट आहेत. मग शके १२९१ कोरलेलं छोटं देऊळ, आत गणेश. पुढे नागमंदिर: बाहेरच्या भिंतीवरच्या आकृत्यांनी एक लांबलचक नाग हातांत पेलून सगळ्या देवळाभोवती फिरवला आहे.

मुख्य मंदिराच्या पहिल्या मजल्यावर रामायण, तेही सगळं नाही. हनुमान लंकेत शिरतो तिथपासून कुंभकर्ण पडेपर्यंत. हे पुन्हा प्रसव्य, मंदिर डाव्या हाताला. दोन पटांच्या मध्ये गोल चौकटींत प्राणी आहेत, ते कथेचा भाग नाहीत. त्यांच्यात अर्थ शोधत बसलात तर धागा सुटतो. अशोकवनातली सीता, पेटलेली शेपटी, सेतूसाठी दगड वाहणारी वानरं सहज ओळखू येतात. हे सगळं जमिनीवरून दिसतं. दुसऱ्या मजल्यावर कृष्णायन, म्हणजे रुक्मिणीहरण, तिथे मात्र दिशा उलटते: मंदिर उजव्या हाताला, आपली प्रदक्षिणा. तिसऱ्यावर पंख असलेले सिंह आणि नाग. वरचा गाभारा तुम्हाला मंदिरावर दिसणार नाही, तो शेजारी जमिनीवर जुळवून ठेवला आहे. बऱ्याच जणांना ते दुसरंच देऊळ वाटतं.

मागच्या बाजूला थोडं खाली कुंड आहे, शके १३३७. भिंतीवर तंत्रीतले प्राणी. सगळे दमल्यावर हे राहून जातं.

पायवाट
खूप उपयोगी, धन्यवाद! आता तीन प्रश्न उरले. तिकिटं किती आहेत? बादुतला पिंडीवर पाणी, हळद-कुंकू चालतं का? आईची तशी इच्छा आहे. आणि शाकाहारी जेवणाचं काय?

वाटाड्या
छोट्या मंदिरांना सहसा ठरलेलं तिकीट नसतं. दारात नोंदवही असते, नाव-गाव लिहायचं आणि शेजारच्या पेटीत इच्छेनुसार टाकायचं. पाच-दहा हजार रुपियाच्या नोटा वेगळ्या ठेवा. एटीएममधून पन्नास हजार किंवा लाखाच्याच निघतात आणि देखभाल करणाऱ्याकडे सुटे असतीलच असं नाही. वेळ साधारण सकाळी ८ ते दुपारी ४ धरा. शुक्रवारी साडेअकरा ते एक या वेळात तो नमाजला गेलेला असतो, फाटकाला कुलूप असू शकतं. त्या वेळात पोहोचू नका.

पूजेचं: नमस्कार करा, पाणी-कुंकू नको. हा धार्मिक आक्षेप नाही. हा दगड सच्छिद्र अँडेसाइट आहे. कुंकवाचा रंग छिद्रांत जाऊन बसतो आणि निघत नाही. तेलावर धूळ चिकटते, ओल राहिली की शेवाळ आणि दगडफूल धरतं. सुटी फुलं किंवा उदबत्ती चालेल का हे देखभाल करणाऱ्याला विचारा. काही ठिकाणी तो स्वतःच जागा दाखवतो. नारळ फोडायचा नाही.

व्हिसा विमानतळावर मिळतो, ५ लाख रुपिया, ३० दिवसांचा. आधी ऑनलाइन काढलात तर रांग वाचते, मात्र सरकारी संकेतस्थळावरूनच. हुबेहूब दिसणारी दलालांची पानं शोधात वर येतात आणि जास्त पैसे घेतात. पासपोर्टची मुदत सहा महिने शिल्लक हवी.

रूळफेरी
जेवण: टोफू आणि टेंपे (आंबवलेल्या सोयाबीनची वडी) सगळीकडे मिळतं, प्रश्न चटणीचा असतो. ‘तरासी’ म्हणजे कोळंबीची आंबवलेली वडी, ‘पतिस’ म्हणजे कोळंबीचा काळा रस, आणि हे दोन्ही भाजीच्या पदार्थांत बिनदिक्कत घालतात. ब्लितारचं पचल प्रसिद्ध आहे: उकडलेल्या भाज्यांवर शेंगदाण्याची पातळ चटणी. ते मागताना ‘तांपा तरासी, तांपा उदांग’ (तरासी नको, कोळंबी नको) म्हणा. सोबत येणारी कुरकुरीत चकती शेंगदाण्याची आहे की सुक्या मासळीची ते बघून घ्या, दोन्ही सारख्याच दिसतात. पूर्व जावात ‘रुजाक’ मागवलंत तर फळांऐवजी बैलाचं नाकाड घातलेलं रुजाक चिंगुर पुढ्यात येऊ शकतं. म्हणून ‘रुजाक बुआह’ असं स्पष्ट सांगा.

शिल्पवेडी
ऑगस्ट म्हणताय म्हणून एक राहिलंच. जावा विषुववृत्ताच्या दक्षिणेला आहे. एप्रिल ते सप्टेंबर सूर्य उत्तरेकडून जातो, त्यामुळे या सगळ्या मंदिरांच्या दक्षिण भिंतींवर दिवसभर ऊन येत नाही. किदलचा पहिला गरुड आणि पनतरनच्या रामायणाची दक्षिण बाजू फोटोत सपाट, राखाडी येते. मोबाइलचा फ्लॅश समोरून मारला तर उरलासुरला उठावही जातो. छोटी एलईडी विजेरी न्या आणि ती भिंतीला जवळजवळ समांतर, पटाच्या एका कडेला धरा. बोटभर उठावाची सावली लगेच पडते आणि झिजलेल्या पटांतले चेहरेसुद्धा वेगळे होतात. वरून खाली धरलीत तर डोळे आणि मुकुट दिसतात, बाजूने धरलीत तर हात आणि शस्त्रं. दोन्ही करून बघा. विजेरी आईंच्या हातात देऊन फोटो तुम्ही काढा, एकट्याने जमत नाही.

दुर्बीण असेल तर तीही घ्या. जागोचा कालयवन आईंना खालून तेवढ्यानेच दिसेल, आणि तोही उत्तर बाजूला नीट, कारण ऊन तिथे असेल.